इंग्रज गेले, पाखले का राहिले?



इंग्रज भारतातून का गेले, यावर मध्यंतरी इथे बरीच चर्चा झाली. मी पेडण्याचा. आमच्याकडे प्रश्न उलटा पडतो. इंग्रज १९४७ ला गेले, मग पाखले आणखी चौदा वर्षं कसे टिकले? बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे मी आधी जमाखर्च बघतो. खोड जात नाही.

इंग्रजांचं खातं दुसऱ्या महायुद्धात पार उलटलं. ज्या भारताला ते कर्जदार समजत, त्याच भारताचं शंभर कोटी पौंडांहून अधिक देणं युद्ध संपताना त्यांच्या डोक्यावर होतं. चळवळीने नाकी नऊ आणले होतेच. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं, तेव्हा फौजेवरचा भरवसाही गेला. शिवाय लंडनच्या सरकारला मतदारांना तोंड द्यावं लागे.

सालाझारला कुणालाच द्यावं लागत नव्हतं. हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो. १९५१ साली त्याने घटना बदलून गोव्याला वसाहतीऐवजी ‘सागरापलीकडचा प्रांत’ करून टाकलं. म्हणजे वसाहतच नाही, तर सोडायचं काय! हुशार माणूस, मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक.

लोक गप्प होते असं नाही. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी ठिणगी टाकली. १५ ऑगस्ट १९५४ ला आमच्या तालुक्यातल्या तेरेखोल किल्ल्यावर आल्फ्रेड आफोंसो आणि साथीदारांनी तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी सत्याग्रही हद्द ओलांडून आत शिरले. पत्रादेवीला गोळीबार झाला, पंजाबचा कर्नैलसिंग तिथेच पडला. मग भारत सरकारने नाकेबंदी आवळली, कॅसलरॉकवरून येणारी रेल्वेही थांबली. आमच्या निम्म्या सोयरिकी बांदा, आरोंदा, सावंतवाडीकडच्या. माझी मावशी हाकेच्या अंतरावर, पण घरातल्या लग्नाला येऊ शकली नाही. आजी ते शेवटपर्यंत बोलून दाखवायची.

नाकेबंदीने पाखले टेकीला यायला हवे होते. आले नाहीत, आणि त्याचं कारण डिचोलीच्या लाल मातीत होतं. शिरगाव-डिचोलीचं लोहखनिज होड्या-बार्जमधून मांडवीने मुरगावला जाई आणि तिथून जपान, पश्चिम जर्मनीला. युद्धात बेचिराख झालेल्या जपानला पोलाद हवं होतं, यंत्रांसाठी उसने पैसेही तिथूनच आले. १९६१ च्या सुमारास वर्षाला पन्नास लाख टनांहून अधिक खनिज बाहेर जात होतं. परकीय चलन येत होतं, मग काय, बटाटे हॉलंडचे, सिमेंट जपानचं, चहा सिलोनचा! आपल्याच डोंगराच्या पैशाने आपल्याच नाकेबंदीला टांग मारली गेली. यावर आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही.

पण आफ्रिकेने गणित बिघडवलं. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात बंड पेटलं, लिस्बनचं सगळं लक्ष तिकडे गेलं. डिसेंबरपर्यंत गोव्यात फौज उरली चार हजारांच्या आत-बाहेर. १८ तारखेला भारतीय सैन्य दोडामार्गाकडून आत आलं, तेव्हा त्यांनी डिचोली, अस्नोडा, शापोराचे पूल उडवले. त्याने काही तास गेले, एवढंच. सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा. गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी तो मानला नाही आणि १९ ला शरणागती पत्करली. आपली गावं त्यामुळे वाचली. त्यांना मात्र मायदेशी लष्करातून काढून टाकलं.

पोर्तुगालने हे सगळं कागदावर मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ ला, तेही त्यांच्याकडे हुकूमशाही उलथल्यावर. आणि एक खातं त्यानंतरही उघडंच राहिलं. गोव्यातल्या लोकांनी तिथल्या बँकेत गहाण टाकलेलं सोनं मुक्तीच्या आधीच लिस्बनला नेलेलं होतं. ते परत यायला १९९१ साल उजाडलं. पावत्या लुगड्याच्या घडीत जपणाऱ्या कितीतरी बायका तोवर गेल्या होत्या.

कुणाच्या घरी अशी पावती अजून असेल तर फोटो जरूर टाका.