काचीगुड्याचे बारा तास

यंदाच्या ऑगस्टमध्ये मुलीला भेटून मी बंगळूरहून परतत होतो. पहाटे काचीगुड्याला उतरलो, तो नांदेडकडची सकाळची गाडी रद्द झाल्याची घोषणा कानी आली. पुढे रुळांवर पाणी आले होते. दुसरी गाडी संध्याकाळी. चिडण्यात अर्थ नव्हता. सामान क्लोकरूममध्ये ठेवले, स्टेशनाबाहेर इराणी चहा घेतला आणि पायीच निघालो.

आमच्या सीमाभागातील माणसाला हैदराबादचे अप्रूप नाही. दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही तेथे जातो, काम आटोपून परततो. हे आता दुसऱ्या राज्याचे शहर. परंतु 1724 ते 1948 मराठवाडा निजामी अमलाखाली होता आणि त्यातील फार मोठा काळ आमचा कारभार याच शहरातून हाकला गेला. काचीगुडा स्टेशनची घुमटांची इमारत 1916 सालची. मनमाड-नांदेडकडून येणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीने माझे वडील 1946 साली याच स्टेशनात उतरले होते, विवेकवर्धिनीत शिकायला. रझाकारांच्या धामधुमीत शिक्षण अर्धवट टाकून ते गावी परतले. ती शाळा बघावी, असे मनात आले.

बडी चावडीवरून सुलतान बाजारात आलो. हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार. इंग्रज रेसिडेंटचा भव्य वाडा जवळच, कोठीला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक या रेसिडेंटने तो बांधवला. आज तेथे महिला विद्यापीठ आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले, त्या तहाच्या वेळी इंग्रजांचा कारभार येथूनच चाले. 1857 च्या जुलैत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला चढविला होता. हा बाजार 1933 पर्यंत इंग्रजी अधिकारात होता. निजामी हद्दीत ज्या गोष्टींना मज्जाव, त्यांना येथे थोडा मोकळा श्वास मिळे. मराठी मंडळींनीही याच परिसरात घरे आणि संस्था वसविल्या.

पावसाची सर आली म्हणून श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम या ग्रंथालयात शिरलो. 1901 साली स्थापन झालेली ही तेलुगूची जुनी संस्था. तेथे वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी चौकशी केली. मी मुख्याध्यापक, मूळचा नांदेड जिल्ह्यातला, हे कळल्यावर ते हसले. म्हणाले, "मास्टरसाब, आपके लोगों से हम बहुत कुछ सीखे. एक बात तो आपके हँसने से सीखे." आणि त्यांनी जी हकीकत सांगितली, ती इतिहासात एम.ए. करूनही मी कधी ऐकली नव्हती.

नोव्हेंबर 1921. विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात संस्थानातील समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे सभेने शांतपणे ऐकली. मग अल्लमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले. सभेत हशा पिकला, टाळ्या पिटून त्यांना बोलू दिले नाही. संस्थानात तेलुगू बोलणारे सर्वांत अधिक, आणि राजधानीत त्यांच्याच भाषेची ही गत! त्याच रात्री काही तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाचा पाया घातला गेला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन 1930 साली जोगीपेठला झाले. आपल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला झाले ते 1937 साली.

पाऊस थांबल्यावर जांबागला विवेकवर्धिनीपुढे जाऊन उभा राहिलो. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या पाठबळाने वाढलेली ही संस्था. उच्च शिक्षण उर्दूतून देणारे उस्मानिया विद्यापीठ 1918 साली निघाले, त्या राजवटीत येथे मराठी टिकली. वडील या शाळेचे नाव फार अभिमानाने घेत. तो अभिमान खोटा नव्हे. पण आपल्या भाषेवरील अन्यायाने व्यथित झालेली मराठी माणसेही त्या सभेत होती, आणि दुसऱ्याच्या भाषेला हसणाऱ्यांत आपले कोणीच नसेल, असे मला म्हणवेना. वडील आज हयात नाहीत. असते तर विचारले असते, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक होती का?

दुसऱ्यांचे कशाला सांगावे? नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात तेलुगू घरातला एक मुलगा होता. "आमचं आई बाजाराला गेलं," असे तो म्हणाला आणि वर्ग खदखदला. मीही हसलो. तेलुगूत एकवचनी स्त्रीलिंगाला आणि नपुंसकलिंगाला क्रियापदाचे एकच रूप चालते, ही साधी बाब मला पुढे कित्येक वर्षांनी कळली. त्या मुलाची चूक अज्ञानाची नव्हती, त्याच्या आईच्या भाषेची होती. वर्षभर तो पुन्हा आपण होऊन काही बोलला नाही. जांबागच्या त्या रस्त्यावर मला त्याचा चेहरा आठवला.

संध्याकाळची गाडी वेळेवर सुटली. 1956 साली भाषेच्या आधारे हैदराबाद संस्थानाची तीन राज्यांत वाटणी झाली. नकाशावर रेघ आली. ती रेघ आमच्या तालुक्यांतल्या घरांतून मात्र गेलीच नाही. बिलोली, धर्माबाद, देगलूरकडे आजही एकाच अंगणात दोन्ही भाषा नांदतात.

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी ध्वजवंदनानंतर दरवर्षी मी स्वामी रामानंद तीर्थांवर बोलतो. यंदा त्यांच्यानंतर 1921 च्या त्या सभेची गोष्ट सांगितली. मग सातवीतल्या एका मुलीला पुढे बोलावले. तिने घरची भाषा म्हणून तेलुगूत चार वाक्ये म्हटली. मराठी मुलांना त्यातले फारसे कळले नाही. मात्र कोणी हसले नाही.