ग्वांगजांगची पेठ

राष्ट्राचा इतिहास राजवाड्यांत शोधावा, तसाच तो बाजारपेठेंतही शोधावा. कोरियाची जुनी राजधानी जें सोल शहर, तेथील ग्वांगजांगची पेठ या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

जोसन राजांच्या अमदानींत सोलमधील व्यापार सरकारी सनद मिळालेल्या दुकानदारांच्या हातीं होता. बिनसनदी विक्रेत्यास अटकाव करण्याचा अधिकारही त्यांस असे. तरीही फुटकळ विक्रेत्यांचे बाजार वाढतच गेले. पूर्व वेशीच्या आंतील बेओगेचा बाजार त्यांपैकींच एक. अखेर १७९१ सालीं जंगजो राजानें सहा बड्या पेढ्यांखेरीज इतरांचा हा अधिकार रद्द केला आणि गोरगरीब विक्रेत्यांचा मार्ग मोकळा झाला.

पुढें याहून मोठें संकट आलें. रशियाशीं झालेल्या युद्धांत जपानची सरशी झाली आणि १९०५ सालीं कोरियाचें स्वातंत्र्य नांवापुरतेंच उरलें. त्याच वर्षीं जपानी सल्लागाराच्या देखरेखीखालीं नाणें बदलण्यांत आलें. जुन्या निकेलच्या नाण्यांची प्रतवारी लावून मध्यम नाण्यांस कमी मोल देण्यांत आलें. हिणकस ठरलेलीं तर घेतलींच नाहींत. ज्यांच्या गल्ल्यांत हींच नाणीं सांठलेलीं, असे कितीतरी देशी व्यापारी बुडाले. दक्षिण वेशीच्या बाजारावरही जपानी वर्चस्व वाढत चाललें होतें.

अशा वेळीं कांहीं कोरियन व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन १९०५ मध्येंच स्वतःची कंपनी काढली. कापडाचे व्यापारी पार्क सुंग-जिक हे त्यांतील एक प्रमुख होत. ग्वांग्यो व जांग्यो या दोन पुलांच्या दरम्यान ओढ्यावर पेठ बांधावी, असा मूळ बेत होता. तो तडीस गेला नाहीं, म्हणून बेओगेची जागा पत्करली. पुलांच्या नांवांतील आद्याक्षरें मात्र ठेवलीं. लिहितांना चिनी अक्षरें बदलून त्यांतून ‘विस्तीर्ण कोठार’ असा अर्थ साधला. त्या काळीं कोरियांत बहुतेक बाजार दर पांचव्या दिवशीं भरत. ही पेठ रोज उघडी राही.

१९५० ते १९५३ च्या युद्धांत सोल शहर चार वेळां एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलें आणि पेठेची राखरांगोळी झाली. तरी त्याच जागीं माणसें पुन्हां माल मांडून बसलीं. त्यांत उत्तरेकडून आलेले निर्वासितही होते. पुढें नवी इमारत उभी राहिली.

आज तेथें रेशमी कापड, लग्नाचे पोशाख व अंथरुणें-पांघरुणें मिळतात. खालच्या गल्ल्यांत भिजवलेले मूग जात्यावर वाटून तव्यावर तेलांत जाड धिरडीं भाजतात. आपल्याकडील गृहिणीस हा पदार्थ परका वाटणार नाहीं. गिऱ्हाइकें बांकावर खांद्याला खांदा लावून तीं गरम गरम खातात.

ज्या राजसत्तेनें सनदा दिल्या ती गेली. जिनें नाणें बदललें तीही १९४५ सालीं गेली. विकणारा आणि घेणारा यांचा परस्परांवरील विश्वास मात्र टिकला, आणि त्याच्याच आधारावर ही पेठ अद्याप उभी आहे.