जावळ आणि आपली श्रद्धा

नवी मुंबई हे तसे तरुण शहर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला, आणि त्यानंतर वसई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू अशा ठिकठिकाणची कॅथलिक कुटुंबे येथे येऊन वसली. एकाच मंदिरात मिस्साला गुडघे टेकणाऱ्या या कुटुंबांच्या घरच्या रीती मात्र निरनिराळ्या. मूल वर्षाचे झाले की त्या समोरासमोर येतात. तामिळ आजीला नातवाचे केस वेलंकनीला आरोग्यमातेच्या चरणी वाहायचे असतात. शेजारचे आगरी-कोळी कुटुंब बाळाला मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढते. पुष्कळजण त्यासाठी कार्ल्याच्या एकवीरेला जातात. वसईचे आजोबा विचारतात, "हे आपल्यात चालते का?" या प्रश्नाचे उत्तर आपण इतिहासात शोधू या.

केसांचे अर्पण पवित्र शास्त्राला परके नाही. हन्नाने पुत्रासाठी प्रार्थना करताना वचन दिले की, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. तो शमुवेल परमेश्वराचा झाला. नाजीराच्या व्रताची सांगता मुंडणाने होई आणि ते केस शांत्यर्पणाच्या अग्नीत टाकले जात. खुद्द संत पौलाने नवसामुळे किंख्रिया येथे आपले केस कातरल्याची नोंद 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आहे.

पुढे ख्रिस्तसभेनेही ही रीत आपली मानली. पश्चिमेकडील प्राचीन उपासनाग्रंथांत मुलाचे केस प्रथम कापतानाची प्रार्थना आढळते. आठव्या शतकात फ्रँक सरदार चार्ल्स मार्टेल याने आपला पुत्र पेपिन याला लोंबार्ड राजा लिउटप्रांड याच्याकडे धाडले. राजाने त्याचे केस कापले आणि त्या कृतीने तो मुलाचा मानलेला पिता झाला. केस कापणे म्हणजे नाते जोडणे, हा त्यामागील अर्थ. बायझंटाईन परंपरेत आजही स्नानसंस्काराच्या वेळी बालकाचे थोडे केस कापून ते देवाला अर्पण करतात. आपल्या लॅटिन परंपरेत धर्मगुरुपदाच्या वाटेवरील पहिली पायरी केस कापण्याचीच होती. पोप सहावे पौल यांनी १९७२ साली तो विधी बंद केला.

मग आपल्याकडे संकोच का? त्याचीही कारणे इतिहासातच आहेत. मदुराईत कार्य करणारे येशूसंघीय फादर रॉबर्ट डी नोबिली यांच्या ख्रिस्ती शिष्यांनी शेंडी ठेवावी की नाही, यावर मोठा वाद झाला. अंधश्रद्धेचा अंश वगळून शेंडी, जानवे, चंदन व स्नान या रीती पाळण्यास पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ साली मुभा दिली. उलट गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी काढलेल्या फर्मानात बाळाच्या सहाव्या रात्रीच्या जागरणासह कितीतरी घरगुती चालींवर बंदी घातली. त्या धाकाची सावली पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळली. अखेर १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की, ज्या लोकरीती अंधश्रद्धेशी व भ्रमाशी अतूटपणे जखडलेल्या नाहीत, त्यांच्याकडे ख्रिस्तसभा सहानुभूतीने पाहते.

तेव्हा वस्तरा कोणता, वर्ष पहिले की तिसरे, मांडी मामाची की आजोबांची, हे प्रश्न गौण आहेत. केस कोणाला वाहिले आणि कोणत्या मनाने वाहिले, हाच खरा प्रश्न. दृष्ट लागेल या भीतीने, किंवा देवाशी सौदा म्हणून जावळ काढले, तर ते आपल्या श्रद्धेत बसत नाही. स्नानसंस्काराची जागाही ते घेऊ शकत नाही. बाळ देवाचे लेकरू होते ते त्या पाण्याने. परंतु लाभलेल्या लेकराबद्दल कृतज्ञता म्हणून ते अर्पण होत असेल, तर आजीच्या भक्तीला नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. बालकांना आशीर्वाद देण्याचा विधी ख्रिस्तसभेच्या आशीर्वाद-ग्रंथात आहेच. त्या दिवशी धर्मगुरूंकडून तो आशीर्वाद मागून घ्यावा आणि दोन्हीकडच्या आजीआजोबांनी बाळाजवळ एकत्र उभे राहावे. केस पुन्हा वाढतील. घरात पडलेली तेढ मात्र सहजी भरून येत नाही.