इंजिन न खोलता

लूना 1972 साली आली. नमुना इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’चा, इंजिन 50 सीसीचं टू-स्ट्रोक आणि पायाशी चक्क सायकलची पेडलं. कंपनी हस्तीमल फिरोदियांची, कायनेटिक इंजिनिअरिंग. कारखाना आमच्या नगरला, दौंड रस्त्यावर. चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. मग गुरुजी, पोस्टमन, दूधवाले सगळे लूनेवर. एका माणसाच्या गाडीवर दुधाचे चार कॅन आणि मागे मेहुणा. इंजिन बोलायला लागणारच.

मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो त्यांना इंजिन खोलायचा भारी कंटाळा. खोललं की गॅस्केट गेलं, मजुरी चढली; आणि पगाराला अजून आठवडा असलेल्या गुरुजींकडून ते पैसे निघणार कुठून? म्हणून आधी कान. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक सिलिंडरच्या बुडाशी टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला दाबायची आणि दुसऱ्या हाताने रेस द्यायची. त्याच्याही आधी कव्हर, सायलेन्सरचा क्लॅम्प, स्टँडची स्प्रिंग एकेक हाताने दाबून बघायचं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटत. “गुरुजी, इंजिन ठणठणीत आहे, बाजूचं कव्हर ढिलं होतं. चहा सांगा.”

उरलेल्यांत आवाजाची जात ओळखावी लागे. थंड गाडीत खडखड, आणि दोन मैल गेल्यावर कमी? पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. ॲल्युमिनियम तापून फुगलं की अंतर भरतं. अशी गाडी वर्षभर चालते, घाई नको. मोकळ्या रेसला बारीक, टोकदार टिकटिक आली तर पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनचं बेअरिंग बघायचं. पण चढाला जड ठोका ऐकू आला की मिस्त्री गाडी बंद करायला लावत. तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा. तिथे गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार करून चालत नाही, रॉड तुटला तर केसिंगच फोडतो.

मग ब्लॉक उतरवायचा आणि पिस्टन वर असताना रॉड बोटांत धरून सरळ वर-खाली ओढायचा. बाजूला थोडा हलला तर चालतो, तेवढी जागा ठेवलेलीच असते. वर-खाली जरा जरी ‘टक’ लागलं तर क्रँक गेली. क्रँकच्या टोकावरचं मॅग्नेटही असंच धरून हलवून बघायचं. ते वर-खाली डुललं तर मेन बेअरिंग. बेअरिंग डुललं की ऑईल सीलही टिकत नाही, तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, गाडी आपोआप रेस घेते आणि पिस्टन भाजतो. ही मालिका गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात कठीण, कारण त्याला वाटतं गाडी सुधारलीय, जोरात पळतेय!

आणखी एक आवाज आम्हा मेकॅनिकांनीच घरोघरी पोचवला. जुन्या बोअरमध्ये, जिथवर रिंग जाते त्याच्या वर, झिजेचा एक काठ उरतो. आत बोट घालून नख फिरवलं की अडतं. तो काठ तसाच ठेवून नवी रिंग घातली की तिची कोरी धार त्याच्यावर आपटते. पैसे देऊन नवाच ठोका! स्वस्तात काम करणारे हेच करत, आणि दोष कंपनीच्या रिंगवर.

आवाज न करता गेलेली इंजिनं मात्र जास्त. पेट्रोलमध्ये ऑईल हाताने घालायचं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर एक्झॉस्टच्या भोकाशी आणि सायलेन्सरमध्ये कार्बन. लिटरला 40 मिली सांगितलं की लोक ‘अंदाजाने’ ओतत. गाडी ओढत नाही म्हणून आलेली लूना उघडावी, तर ते भोक करंगळीएवढं उरलेलं. सायलेन्सर जाळात टाकून कार्बन काढायचा, दुकानामागे दर शनिवारी तोच धूर.

धुराच्या नियमांनी टू-स्ट्रोक मागे पडलं, लूना बंद झाली. 2024 मध्ये विजेवरची आली, तिच्यात ऐकण्यासारखं फारसं नाही. जुनी घेऊन नेवाशाकडचा एखादा शेतकरी अजून येतो. ब्लॉक इतक्यांदा बोअर झालेला असतो, की पुढच्या मापाचा पिस्टनच मिळत नाही. मग त्याला लेथवाल्याकडे पाठवतो, स्लीव्ह बसवून घ्यायला.