गणपतराव देशमुख

गणपतराव देशमुख (१० ऑगस्ट १९२६ – ३० जुलै २०२१) हे शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते व महाराष्ट्र विधानसभेचे सदस्य होते. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून ते ११ वेळा निवडून आले. संपूर्ण कारकिर्दीत त्यांनी पक्ष आणि मतदारसंघ बदलला नाही. कार्यकर्ते व मतदार त्यांना ‘आबासाहेब’ या नावाने ओळखत.

प्रारंभिक जीवन

देशमुख यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील पेनूर येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते शेतकरी कामगार पक्षाच्या विचारांकडे ओढले गेले. कायद्याची पदवी घेतल्यानंतर त्यांनी सांगोला येथे वकिली सुरू केली आणि पुढे हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले.

विधानसभेतील कारकीर्द

१९६२ साली ते प्रथम विधानसभेवर निवडून आले. त्यानंतर १९६७, १९७४ (पोटनिवडणूक), १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ व २०१४ या निवडणुकांत ते विजयी झाले. १९७२ व १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजी पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पराभूत केले होते.

सभागृहातील सुमारे ५० वर्षांपैकी बहुतांश काळ ते विरोधी बाकांवर होते. १९७८ साली शरद पवार यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारमध्ये आणि १९९९ साली विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी मंत्री म्हणून काम केले. २००२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाने या सरकारचा पाठिंबा काढून घेतला.

याच काळात राज्यातील पक्षाचे बळ घटत गेले. १९७८ मध्ये पक्षाचे १३ आमदार निवडून आले होते. २०१४ मध्ये ही संख्या ३ वर आली. तरीही सांगोल्यातील पक्षाचा पाया टिकून राहिला.

पाणी व सहकार

माण नदीच्या खोऱ्यातील सांगोला हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण तालुका आहे. त्यामुळे शेतीचे पाणी हा देशमुख यांच्या राजकारणाचा केंद्रबिंदू राहिला. कृष्णा खोऱ्याचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे, या मागणीसाठी नागनाथअण्णा नायकवडी व भारत पाटणकर यांच्यासमवेत ते पाणी चळवळीत सहभागी झाले. आटपाडी येथे भरणाऱ्या पाणी परिषदा या चळवळीचे प्रमुख व्यासपीठ होत्या. कराडजवळील टेंभू येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलणाऱ्या टेंभू उपसा सिंचन योजनेच्या लाभक्षेत्रात सांगोला तालुक्याचाही समावेश आहे.

तालुक्यात रोजगार निर्माण व्हावा, यासाठी त्यांनी सहकारी सूतगिरणीच्या उभारणीत पुढाकार घेतला. साधी राहणी व एसटी बसने केलेला प्रवास यांमुळेही ते परिचित होते.

अखेरचा काळ व वारसा

वयोमानामुळे देशमुख यांनी २०१९ ची निवडणूक लढवली नाही. त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांचा त्या निवडणुकीत ७६८ मतांनी पराभव झाला. या वेळी शिवसेनेच्या उमेदवारीवर विजयी झालेले उमेदवारही शहाजी पाटील हेच होते. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी सोलापूर येथे देशमुख यांचे निधन झाले. सांगोला येथे शासकीय इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. २०२४ मध्ये त्यांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्याच उमेदवारीवर सांगोल्यातून विधानसभेवर निवडून आले.