संख्यांचा क्रम दिलाय, मग योग्य समीकरण कसं ओळखायचं?

७, ११, १५, १९... या क्रमाचं वर्णन कोणतं समीकरण करतं? पर्याय चार आहेत: क्ष + ६, ७क्ष, ३क्ष + ४ आणि ४क्ष + ३. इथे क्ष म्हणजे पदाचा क्रमांक.

शाळेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत असे प्रश्न विचारले जातात. गंमत अशी, की क्ष = १ ठेवल्यावर चारही पर्यायांतून ७ हेच उत्तर मिळतं. पहिलं पद जुळलं म्हणून खूण केली, की गुण गेलाच.

क्ष = २ ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. उत्तरं अनुक्रमे ८, १४, १० आणि ११ येतात. दुसरं पद ११ आहे, म्हणून ४क्ष + ३ हाच पर्याय उरतो. तिसऱ्या आणि चौथ्या पदालाही तो लागू पडतो.

पर्याय दिले नसतील तर?

आधी लगतच्या पदांमधला फरक काढायचा.

• फरक सारखाच असेल, तर ती अंकगणिती श्रेढी. वरच्या क्रमात फरक ४ आहे, म्हणून ४क्ष. पहिलं पद ७ यायला हवं, म्हणून त्यात ३ मिळवायचे.

• फरक बदलत असेल, तर फरकांमधला फरक पाहायचा. २, ५, १०, १७ मध्ये फरक ३, ५, ७ आहेत आणि त्यांच्यातला फरक कायम २. असं झालं की समीकरणात क्षचा वर्ग असतो. त्याचा सहगुणक या फरकाच्या निम्मा, म्हणजे इथे १. उत्तर: क्षचा वर्ग + १.

• प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असेल, उदाहरणार्थ ३, ६, १२, २४, तर ती भूमिती श्रेढी. तिथे क्ष घातांकात जातो.

चार-पाच पदं जुळली, म्हणजे नियम सापडला?

नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सर्व बिंदूंशी सरळ रेषेने जोडला, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त किती भाग पडतात? एका बिंदूपासून पाच बिंदूंपर्यंत उत्तरं येतात १, २, ४, ८, १६. पुढचं उत्तर ३२ असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात सहा बिंदूंना ३१ भागच पडतात. गणितज्ञ लिओ मोझर यांच्या नावाने हे कोडं ओळखलं जातं.

थोडक्यात, परीक्षेत दिलेल्या पर्यायांपैकी सगळ्या पदांना लागू पडणारा पर्याय निवडायचा. परीक्षेबाहेर मात्र आकडे जुळणं पुरेसं नसतं. ते आकडे कशातून तयार झाले, हे समजल्याशिवाय पुढच्या पदाची खात्री देता येत नाही.