विदासंचाचा संदर्भ

विदासंचाचा संदर्भ म्हणजे शोधनिबंध, प्रबंध किंवा अहवालात वापरलेल्या आकडेवारीचा मूळ संच कोणी, केव्हा व कोठे प्रसिद्ध केला याची, वाचकास तोच संच पुन्हा शोधता येईल अशी नोंद होय. ग्रंथांचा संदर्भ देण्याची पद्धत जुनी आहे. विदासंचाच्या बाबतीत मात्र 'शासकीय आकडेवारीनुसार' एवढ्यावर भागवण्याची सवय अजूनही आढळते. 'फोर्स११' या गटाच्या २०१४ मधील संयुक्त जाहीरनाम्यात यासंबंधी आठ तत्त्वे मांडली असून, विदेच्या संदर्भास प्रकाशनांच्या संदर्भाइतकेच महत्त्व द्यावे, हे त्यांत अग्रस्थानी आहे.

घटक

२००९ मध्ये स्थापन झालेल्या 'डेटासाइट' संस्थेच्या शिफारशीनुसार निर्माता, प्रकाशनवर्ष, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, साधनाचा प्रकार व अभिज्ञापक हे घटक द्यावेत. अभिज्ञापक म्हणून बहुधा '१०' या अंकाने सुरू होणारा डीओआय क्रमांक असतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक बदलत नाही. तो नसल्यास पत्ता द्यावा, आणि संच अद्ययावत होत असल्यास पाहिल्याची तारीखही लिहावी. एपीए शैलीच्या सातव्या आवृत्तीत शीर्षकानंतर चौकटी कंसात 'विदासंच' असा निर्देश करतात.

हुपरीचे उदाहरण

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील लोकसंख्या व कामगारांविषयी लिहिताना प्रथम हाती येते ती २०११ ची जनगणना. तिच्या संदर्भात जनगणना कार्यालयाचे नाव, प्रकाशनवर्ष, 'जिल्हा जनगणना पुस्तिका, कोल्हापूर', 'मालिका २८, महाराष्ट्र' आणि भाग बारा-अ की बारा-ब हे नमूद करावे. भाग 'अ' मध्ये गाव व नगर निर्देशिका, तर भाग 'ब' मध्ये प्राथमिक जनगणना गोषवारा असतो. कोल्हापूर जिल्ह्याचा संकेतांक ५३० आहे. हुपरीचे नाव रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहिले जात असल्याने नावापेक्षा संकेतांक अधिक भरवशाचा ठरतो. हेच आकडे पुन्हा छापणाऱ्या खासगी संकेतस्थळाचा, किंवा विश्वकोशातील लेखाचा, हवाला देणे पुरेसे नाही.

संदर्भ अचूक असूनही निष्कर्ष चुकू शकतो. गोषवाऱ्यातील 'घरगुती उद्योगातील कामगार' म्हणजे चांदी कारागीर नव्हेत. त्यात इतर घरगुती उद्योगही येतात, आणि घराबाहेरील कारखान्यात काम करणारा चांदी कारागीर त्यातून सुटू शकतो. शिवाय या संज्ञेची व्याप्ती ग्रामीण भागात गावाच्या हद्दीपर्यंत, तर शहरी भागात केवळ घराच्या आवारापुरती आहे. हुपरीत नगरपरिषद २०११ नंतर आली. त्यामुळे त्या जनगणनेत ती कोणत्या वर्गात नोंदली आहे, हे निर्देशिकेत पाहून संदर्भासोबत लिहावे लागते.

आवृत्तीचे महत्त्व

२०११ साठी भारताच्या लोकसंख्येचे तीन अधिकृत आकडे प्रचलित आहेत : तात्पुरता १,२१,०१,९३,४२२; प्राथमिक गोषवाऱ्यातील १,२१,०५,६९,५७३; आणि मणिपूरच्या सेनापती जिल्ह्यातील तीन उपविभागांची अंदाजित लोकसंख्या धरून १,२१,०८,५४,९७७. महाराष्ट्राचा तात्पुरता आकडा ११,२३,७२,९७२ होता, अंतिम ११,२३,७४,३३३ झाला. तीनही आकडे 'जनगणना २०११' याच नावाने उद्धृत होतात. आवृत्ती न लिहिल्यास दोन प्रबंधांतील तफावत ही चूक आहे की निराळी आवृत्ती, हे परीक्षकास कळत नाही.

स्वतः जमवलेली विदा

कारागिरांच्या मुलाखतींतून संशोधकाने स्वतः तयार केलेला संच 'झेनोडो'सारख्या भांडारात ठेवल्यास त्यास डीओआय मिळतो आणि इतरांप्रमाणे संशोधकालाही त्याचा संदर्भ देता येतो. मजुरी किंवा कर्जाविषयीच्या उत्तरांतील नावे काढली तरी लहान गावात गल्ली, वय व कामाचा प्रकार यांवरून माणूस ओळखू येतो. असे तपशील गाळावेत किंवा संच मर्यादित प्रवेशाखाली ठेवावा. तसे केले तरी संदर्भ पूर्ण देता येतो, कारण संच अस्तित्वात आहे हे सांगणे आणि तो सर्वांना खुला करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनगणनेच्या व्यक्तिगत नोंदी तर १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार गोपनीय असल्याने त्यांच्या एकत्रित तक्त्यांचाच संदर्भ देता येतो.